लाइपझिगला निघालेलं इंजिन

आज जर्मनीतल्या लाइपझिगला जाणारं पार्सल पोस्टात टाकून आलो. आत भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाचं मॉडेल, १:८७ मापाचं (म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान), जेमतेम २० सेंटीमीटर, रंग माझ्या हातचा. हँडरेल आणि बफर काल रात्रीच काढून डबीत कापसात ठेवले. वाटेत आधी तेच मोडतात. सीएन २२ या कस्टम्सच्या फॉर्मवर नुसतं 'भेट' लिहून भागत नाही, वस्तू, वजन, किंमत सगळं खरं लिहावं लागतं.

ज्याला पाठवलं त्याला मी कधी भेटलेलो नाही. पण गेल्या वर्षी माझ्या जुन्या इंजिनाचं दातेरी चाक तुटलं, तेव्हा त्याने स्वतःच्या इंजिनातलं काढून पाठवलं होतं, एक पैसाही न घेता. काउंटरवरच्या ताईंनी खोका कानाशी हलवून पाहिला. "काही वाजत नाही हो," म्हणाल्या. फार बरं वाटलं.