चार सुरांचा सिंथ आणि जळगावचा उन्हाळा

मी बनवलेले एकसुरी सिंथ (एका वेळी एकच सूर काढणारे इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझर) आमच्या भागातल्या लग्नांत बॅन्जोवाल्यांबरोबर वाजतात. त्यांतला एक जण दोन वर्षं मागे लागला होता, "भाऊ, याच्यावर कॉर्ड वाजेल असं काढा ना." कॉर्ड म्हणजे एकदम तीन-चार सूर. म्हणून गेल्या थंडीत चार सुरांचा काढायला बसलो. तोच बोर्ड चारदा सोल्डर करायचा, एवढंच डोक्यात.

जानेवारीत चारही ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारे भाग, झकास जुळले. खर्च तोवर सहापट झाला होता, पण ती पहिली कॉर्ड ऐकून विसरलो.

मग एप्रिल आला. सकाळी खोलीत 31 अंश, दुपारी पत्र्याखाली 42. वरच्या सप्तकात कॉर्ड धरली तर चौथा सूर पार उतरलेला. पोरगा दारातूनच ओरडला, "पप्पा, हाई बेसूर वाजी ऱ्हायनं!"

चूक माझीच. उष्णतेची भरपाई करणारे टेम्पको रेझिस्टर मुंबईहून तीनच आले होते, चौथ्या जागी साधा ठोकला होता. भरपाई नसली की एका अंशाला सप्तकामागे साधारण 4 सेंट फरक पडतो (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर). 11 अंशांना 44, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचा घोळ.

चौथाही टेम्पको लावला. तरी दुपारी पाच-सात सेंट इकडे-तिकडे व्हायचंच. 1970 चा गाजलेला सिंथ मिनीमूग एकसुरी. उतरला तर वाजवणारा नॉब फिरवून घेतो, बाहेर कुणाला पत्ता नाही. चौघं एकत्र गाताना एक उतरला की लगेच कानाला टोचतं. 1978 च्या प्रोफेट-5 मध्ये पाच आवाज जुळवायचं काम मायक्रोप्रोसेसरकडे दिलं ते उगीच नाही. मेमरीमूगमध्ये तर 18 ऑसिलेटर! तो दुरुस्त करणाऱ्याला माझा नमस्कार.

शेवटी रोलँडने 1982 च्या जुनोत धरलेली वाट धरली: सगळे सूर एकाच डिजिटल घड्याळावरून, म्हणजे आपसात बिघडत नाहीत; आवाजाचा पोत ठरवणारा फिल्टर मात्र अ‍ॅनालॉग. आवाज थोडा 'शिस्तीचा' येतो, हे कबूल. बॅन्जोवाल्याला फरक कळला नाही, मला कळतो.

ॲडव्हान्स त्याचा परत केला. नवा बोर्ड सध्या गच्चीवर पत्र्याच्या पेटीत आहे, शेजारी थर्मामीटर. मे सरला की त्याला फोन करीन.