मार्चचा पहिला शुक्रवार आणि कपाटावरचे तक्ते

आमच्या बेडरूमच्या कपाटावर एक लांब गुंडाळी आहे, जुन्या साडीच्या काठानं बांधलेली, दिवाळी असो नाताळ असो साफसफाईला दरवर्षी खाली येते आणि झटकून परत वर जाते. मिस्टर म्हणतात रद्दीत घाल की एकदा. मी घालत नाही. त्यात पापुआ न्यू गिनी आहे, चिली आहे, फ्रान्स, सुरीनाम, झिम्बाब्वे असे बरेच देश आहेत, सगळे स्केचपेननं काढलेले आणि काही तर इतके वाकडे की त्या देशाचा माणूस बघून रडेल.

तर हे तक्ते जागतिक प्रार्थना दिनाचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दरवर्षी मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरातल्या ख्रिस्ती बायका एकच उपासना करतात आणि ती उपासना कुठल्यातरी एका देशातल्या बायकांनी लिहिलेली असते. अमेरिकेत मेरी जेम्स म्हणून एका बाईनं १८८७ साली प्रार्थनेच्या दिवसाची हाक दिली होती तिथून त्याचं मूळ, आणि १९२७ पासून तो जगभर पाळतात. मंडळी, म्हणजे चर्च, कुठली का असेना, मेथडिस्ट, कॅथलिक, सगळ्या एकत्र येतात. एरवी आमच्या बेळगावात मंडळ्या मंडळ्यांत येणंजाणं लग्न नि मयतापुरतंच, पण या शुक्रवारी कॅम्पातल्या, टिळकवाडीतल्या, शहापूर वडगावच्या, लांब खानापूरच्या बायकासुद्धा एका हॉलमध्ये जमखान्यावर मांडीला मांडी लावून बसतात.

माझं माहेर कोल्हापूर. लग्न होऊन बेळगावात आले २००८ च्या डिसेंबरात, आणि तेव्हा मला कन्नड म्हणाल तर 'गोत्तिल्ला', म्हणजे माहीत नाही, एवढंच येत होतं, ते पण कंडक्टरला सांगायला. घरात मराठी, पण बेळगावी मराठी, "काय करूलाईस", "खाऊलाईस काय", मला पहिले दोन महिने हसूच यायचं, आणि हसून झालं की रडू. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्या रिटायर्ड शिक्षिका, मंडळातल्या भगिनींच्या सेक्रेटरी, प्रार्थना दिनाचं सगळं इंग्लिश साहित्य आलं की मराठीत करायचं काम त्यांच्याकडं आणि कन्नडचं काम एका अक्कांकडं. अक्का पण शिक्षिकाच होत्या. दोघी आमच्या डायनिंग टेबलावर समोरासमोर बसायच्या, मधे एक इंग्लिश कागद, दोन्ही बाजूंनी एकेक बायबल, आणि चहाचे कप उठतच नसत. "ह्याला तुमच्यात काय म्हणताय?" "आधी तुमच्यात काय ते सांगा की!" अर्धे शब्द तर दोघींचे एकच निघायचे, मग हसायच्या.

२००९ च्या फेब्रुवारीत मी अशीच तोंड पाडून कोपऱ्यात बसले होते तर आत्या म्हणाल्या, "नुसती बसूलाईस काय गे, हा नकाशा काढ बघू." त्या वर्षी उपासना लिहिणारा देश होता पापुआ न्यू गिनी. कुठं आहे हे मला माहीत नव्हतं, आत्यांना पण नव्हतं, नातेवाईकांच्या पोराचं ॲटलास आणून शोधलं. खडेबाजारातून कार्डशीट आणलं. नकाशा काढता काढता माहिती पण तूच सांग म्हणाल्या, म्हणजे नवीन सून दोनशे बायकांसमोर उभी! पाय लटपटत होते. पण मी सांगितलं की त्या देशात आठशेच्या वर भाषा आहेत, तसा हॉलमध्ये एकच गलका झाला. मागून एक मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "आठशे? आणि आम्ही दोनावरनं भांडूलावं!" मराठी बायका हसल्या, मग कोणीतरी ते कन्नडमध्ये सांगितलं तशा कन्नड बायका हसल्या, मग कोंकणी बोलणाऱ्या कॅथलिक सिस्टर्सनी तिसरी भाषा विसरलात म्हणून हात वर केला. बेळगावात या विषयावर सगळे मिळून हसतात असं फार वेळा बघायला मिळत नाही हो. बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा यावरनं इथं दगड पडलेत, वाद पेटला की बसा बॉर्डरवर कोगनोळीपाशी अडकतात आणि माझी माहेरची फेरी रद्द. म्हणून तो हशा मला अजून आठवतो. त्या दिवसापासून नकाशावाली सून हे माझं नाव पडलं ते पडलंच.

एक सांगायचं राहिलं, गाणी. उपासनेतलं नवीन गीत त्या देशाचं असतं, त्याची चाल कोणालाच धड येत नाही, सिस्टर गिटारवर वाजवतात आणि आम्ही मागून ओढत नेतो. पण शेवटी एक गीत सगळ्यांच्या ओळखीचं घ्यायचं असा नियम, आणि ते ज्याला ज्या भाषेत येतं त्या भाषेत म्हणायचं, एकाच वेळी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाजार वाटला मला. आता दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये एकाच भाषेत शिस्तीत गायलं की कायतरी कमी वाटतं. नारायण वामन टिळकांची गीतं ऐकत मी वाढले, कोल्हापुरात ती पेटी तबल्यावर भजनासारखी व्हायची, तर मला आवडलं की टिळकांचं एखादं गीत घ्या म्हणायचे आणि अक्का म्हणायच्या घ्या की, आम्ही टाळी वाजवतो.

सगळ्यात गाजलं ते २०११. देश चिली आणि विषय होता, तुमच्याजवळ भाकरी किती आहेत? येशूनं पाच भाकरी नि दोन मासे घेऊन पाच हजारांना जेवू घातलं तो वृत्तान्त. आत्यांच्या डोक्यात आलं की यंदा चहा बिस्किट नको, प्रत्येकीनं घरनं दोन भाकरी आणायच्या. दोनच. मीटिंगमध्ये यावर अर्धा तास गेला कारण अक्का म्हणाल्या भाकरी का, जोळद रोट्टी म्हणा, आणि एक खानापूरच्या बाई म्हणाल्या आमच्यात तांदळाची करतात ती चालेल का, आणि कॅम्पातल्या एका मॅडमना भाकरी थापताच येत नव्हती, त्या म्हणाल्या मी पाव आणते, पाव पण भाकरीच की. आणला. त्या शुक्रवारी दुपारी तीनला हॉलच्या मागच्या टेबलावर जे काय साठलं ते बघायला पाहिजे होतं. दोन म्हणून सांगितलं तर कोणी दहा आणलेल्या, कोणी वीस, फडक्यात गुंडाळून, ज्वारीच्या, बाजरीच्या, तांदळाच्या, कडक रोट्ट्या पातळ पापडासारख्या, सोबत शेंगाची चटणी, रंजका, एण्णेगाई, झुणका, दह्याचं भांडं सांडून एकीची अख्खी पिशवी भिजलेली. आत्या शिक्षिका ना, मोजायला बसल्या. तीनशे झाल्यावर कोणीतरी हाक मारली आणि आकडा विसरल्या, मग सोडूनच दिलं.

संदेश द्यायला आलेल्या बाईंनी फार छान तयारी केली होती पण खरं सांगू का, चटणीच्या वासानं कोणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, तुमच्याजवळ काय आहे ते सांगा. एकेक उठल्या. कोणी म्हणाली मला शिलाई येते, कोणी म्हणाली माझ्याकडं संध्याकाळी दोन तास वेळ असतो. एक बाई, त्या धुणीभांडी करायच्या, त्या उठल्या आणि म्हणाल्या माझ्याकडं कायच नाही पण मला रात्री झोप लागत नाही, तर कोणाला प्रार्थना पाहिजे असेल तर सांगा, मी जागीच असते. कोणी हसलं नाही. नंतरच्या वर्षांत किती जणींनी त्या बाईंना आपल्या अडचणी सांगितल्या असतील देव जाणे, मी पण सांगितल्यात. उरलेल्या भाकरी रिक्षात घालून आम्ही चौघी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात गेलो, तिथं खेड्यातनं आलेल्या पेशंटांचे नातेवाईक झाडाखाली बसलेले असतात, त्यांना वाटल्या. बायबलात बारा टोपल्या उरल्या, आमच्या दोन रिक्षा.

मग २०१३. हे लिहू की नको असं झालंय पण लिहिते. त्या वर्षी फेब्रुवारीत माझं दुसऱ्यांदा पोट पडलं. पहिल्या वेळी सगळे म्हणाले होईल ग पुढच्या वेळी, दुसऱ्या वेळी कोणी काय बोलायच्या भानगडीतच पडलं नाही. देश फ्रान्स होता आणि वचन, मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले. मी नकाशा काढला, सोपा आहे फ्रान्स, सहा कोपरे, पण मी येणार नाही म्हणून सांगितलं. आत्यांनी जबरदस्ती केली नाही, फक्त दारात चप्पल घालून उभ्या राहिल्या, पाच मिनिटं झाली, दहा झाली, हलेचनात. गेले मग.

उपासनेत एक वेळ अशी असते की शेजारच्या बाईचा हात धरून तिच्यासाठी प्रार्थना करायची. माझ्या शेजारी अक्का. त्यांनी माझे दोन्ही हात घेतले आणि कन्नडमध्ये सुरू केलं, हळू आवाजात, बरंच लांब. मला त्यातलं एकच वाक्य कळलं कारण ते त्या परत परत म्हणत होत्या, "इवळिगे समाधान कोडु, धैर्य कोडु कर्तने." समाधान. मला वाटलं मला समाधान दे म्हणतायत, म्हणजे आहे त्यात समाधान मान असं, आणि मला आतनं राग आला, म्हटलं ह्या पण त्यातल्याच. घरी येऊन आत्यांना चिडून सांगितलं. आत्या म्हणाल्या, अगं वेडे, कन्नड बायबलात शांतीला समाधान म्हणतात. तुला शांती दे म्हणाल्या त्या. आणि धैर्य म्हंजे धैर्यच.

मी त्या रात्री किती दिवसांनी झोपले. चमत्कार वगैरे काही म्हणत नाही मी, आमच्यात साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं म्हटलं की लोक लगेच चमत्कारावर येतात, मला त्याचा थोडा कंटाळाच आहे. मूल पुढं दोन वर्षांनी झालं, मुलगी. पण धीर आला तो त्या शुक्रवारी, मूल व्हायच्या आधीच, आणि तो एका न कळणाऱ्या भाषेतनं आला. कन्नड मी त्यानंतर शिकले. अक्कांकडंच.

मधली वर्षं भराभर गेली. २०१८ ला सुरीनाम, तेव्हा माहिती सांगताना मी सांगितलं की १८७३ साली लालारुख नावाचं जहाज कलकत्त्याहून आपल्याकडचे मजूर घेऊन तिकडं गेलं, त्यांचे वंशज अजून तिथं आहेत, तर एक मावशी म्हणाल्या मग पाव्हणेच की आपले, आणि प्रार्थनेत खरंच "आमचे सुरीनामचे पाव्हणे" असं म्हणाल्या. २०१९ ला स्लोव्हेनिया, या, सर्व तयार आहे हा विषय, त्या वर्षी ऐनवेळी लाइट गेली, माइक बंद, काहीच तयार नव्हतं.

आणि २०२०. सहा मार्च, झिम्बाब्वे. ऊठ, आपली बाज उचल आणि चालायला लाग. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेला माणूस. मंडळानं नाटुकलं बसवलं होतं, आजारी माणूस व्हायला कोणी तयार होईना तर आत्याच झाल्या. गुडघे खरंच दुखायचे त्यांचे, त्यामुळं ॲक्टिंग करायला लागलीच नाही. चटईवर पडल्या, येशू झालेल्या सिस्टर म्हणाल्या ऊठ, आणि आत्यांना उठताच येईना! दोघींनी धरून उठवलं, हॉल हसून हसून लोळला, आत्या चटई काखेत मारून चालायला लागल्या आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाल्या, "बघा, येशूला पण माणसं लागताय मदतीला." तेव्हा मास्क वगैरे कोणाच्या डोक्यात पण नव्हतं, सॅनिटायझरची एक बाटली कोणीतरी आणलेली ती टेबलावर तशीच राहिली. पुढच्या तीन आठवड्यांत सगळं बंद.

आत्या त्याच वर्षी ऑगस्टात गेल्या. हार्टचं दुखणं होतं. मातीला मोजकी माणसं, मंडळातली एकही बाई येऊ शकली नाही. संध्याकाळी सातला फोन वाजला, मी स्पीकरवर टाकून डायनिंग टेबलावर ठेवला, त्याच टेबलावर. कॉन्फरन्स लावायला जमलं नव्हतं मंडळातल्या बायकांना, म्हणून एक फोन ठेवायची की दुसरीचा यायचा. मराठी, कन्नड, कोंकणी, परत मराठी. साडेनऊ वाजले. शेवटचा फोन त्या झोप न येणाऱ्या बाईंचा. म्हणाल्या, मी जागीच हाय, तू झोप.

२०२१ च्या नकाशाला मी नाही म्हणणार होते. तर फेब्रुवारीत अक्कांचा नातू दारात, हातात कार्डशीटची गुंडाळी, म्हणाला अज्जीनं दिलंय, व्हानुआतू म्हणून सांगितलंय, लई बेटं आहेत म्हणे, वेळ लागेल. ऐंशीच्या आसपास बेटं. वेळ लागलाच.

२०२४ ला तर गर्दीच गर्दी कारण कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली होती, शक्ती योजना, खानापूरहून आधारकार्ड घेऊन अख्खी फलटण आली. माझी बहीण कोल्हापूरहून आली तिला बॉर्डरपर्यंत हाफ तिकीट आणि पुढं फुल, ती म्हणाली मी एकटीच काय पाप केलंय. देश पॅलेस्टाइन होता आणि विषय एकमेकांना प्रीतीनं सहन करा, त्या वेळच्या बातम्या बघून कोणाला बोलायला सुचत नव्हतं, त्या वर्षी माहितीला मी दोनच मिनिटं घेतली आणि बाकी वेळ नुसती प्रार्थना झाली.

२०२५ ला कुक आयलंड्स. नकाशा म्हंजे सगळा निळा आणि पंधरा ठिपके. अक्का चौऱ्याऐंशीच्या, नातवानं स्कूटरवरनं आणलं, पायरीपाशीच खुर्ची टाकून बसवलं. मी तक्ता त्यांच्याजवळ नेला. चष्मा वर करून बघितल्या आणि म्हणाल्या, "इद एल्लि बर्तैति?" मी बोट ठेवून दाखवलं, इथं, समुद्रात, माणसं पंधरा हजार. "इष्टऽ? आमच्या अनगोळात ह्याच्यापेक्षा जास्त असतील." मग मी सांगितलं की तिथं एकमेकांना भेटल्यावर 'किया ओराना' म्हणतात, म्हणजे तुम्हाला दीर्घायुष्य लाभो, यंदा दारात सगळ्यांना तसंच म्हणायचंय. असं म्हणून त्यांनाच पहिलं म्हटलं.

"अय्यो, इन्नू?" म्हणजे अजून? अक्का म्हणाल्या, "साकु, साकु!" पुरे, पुरे, आणि उप्पिटाची दुसरी प्लेट मागून घेतली.