मुदत संपलेला पत्ता आणि अडकलेले मोनेरो

आर्वी तालुक्यातील गावी राहून मी परदेशी ग्राहकांसाठी उपशीर्षके तयार करतो, आणि त्यांपैकी एक जण मोबदला मोनेरो या व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या आभासी चलनात देतो. ते बिटकॉइनमध्ये बदलून घेण्यासाठी एका अदलाबदल सेवेने मला जमा करण्याचा पत्ता दिला आणि त्याखाली उलटे चालणारे घड्याळ लावले.

रक्कम माझ्या वॉलेटमधून (आभासी चलन सांभाळणाऱ्या अ‍ॅपमधून) मुदतीच्या आतच निघाली होती. परंतु मोनेरोचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गट, सरासरी २ मिनिटांनी तयार होतो आणि सेवेला १० पुष्ट्या, म्हणजे व्यवहाराची नोंद झालेल्या ब्लॉकपासून असे १० ब्लॉक, हव्या होत्या. मध्येच लाइन गेली, तिच्यामागोमाग टॉवर बंद पडला (आमच्याकडे यात नवे काही नाही), आणि नेटवर्क परतले तेव्हा पडद्यावर ‘मुदत संपली’ असे होते.

पैसे बुडाले, असे मात्र मी धरले नाही. साखळीच्या (ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सामाईक नोंदवहीच्या) दृष्टीने असा पत्ता कधीच बाद होत नाही आणि त्याची किल्ली, म्हणजे तिथले पैसे खर्च करू देणारा गुप्त आकडा, सेवेकडेच असते. संपते ती ठरलेल्या दराची हमी आणि त्या पत्त्यावर लक्ष ठेवण्याची सेवेची तयारी.

खरी अडचण पुराव्याची होती. बिटकॉइनमध्ये व्यवहार क्रमांक दिला की पत्ता आणि रक्कम कोणालाही पाहता येते. मोनेरोत मात्र पैसे घेणाऱ्याचा पत्ता साखळीवर उमटतच नाही, रक्कम झाकलेली असते, आणि २०२२ पासून खर्चाच्या प्रत्येक नोंदीत १५ फसव्या नोंदी मिसळलेल्या असतात. मदत कक्षाने केवळ क्रमांक मागितला आणि ‘रक्कम दिसत नाही’ असे कळवले, यात म्हणूनच नवल नव्हते. मग मी व्यवहार क्रमांक, त्यांनीच दिलेला पत्ता आणि माझ्या वॉलेटने जपलेली त्या व्यवहाराची किल्ली पाठवली. ही तिन्ही जुळली की त्या पत्त्यावर किती रक्कम पोहोचली हे पडताळता येते. ही किल्ली त्या एका व्यवहारापुरतीच असते, त्यामुळे ती देण्यास हरकत नाही. वॉलेटचे २५ बीजशब्द (ज्यांवरून संपूर्ण वॉलेट उघडता येते) कोणी मागितले, तर बोलणे तिथेच थांबवावे. भाच्याने वॉलेट काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला दिला होता, तो मी मानला नाही, कारण बीजशब्दांवरून शिल्लक परत येते, पण पाठवलेल्या व्यवहारांच्या किल्ल्या परत येत नाहीत.

परताव्यासाठी मी आठ या अंकाने सुरू होणारा नवा उपपत्ता (त्याच वॉलेटचा आणखी एक पत्ता) दिला, आणि शुल्क वजा होऊन मोनेरो त्यावर परत आले. पुढची अदलाबदल मी बदलत्या, म्हणजे हमी नसलेल्या, दराने केली. त्या पर्यायाची मुदत अधिक लांब होती.