मेंढ्या कोण धरतंय?

मेच्या शेवटच्या आठवड्यात धनगरांचे मेंढ्यांचे कळप कोकणातून घाटावर परततात. पहिल्या पावसाचं कोवळं गवत पोटात जायच्या आत आंत्रविषाराची, म्हणजे मेंढ्यांच्या आतड्याच्या रोगाची, लस टोचायची असते, म्हणून आम्ही पहाटेच वाड्यावर, त्यांच्या मुक्कामावर, पोचतो. एकदा मेंढ्या चरायला सुटल्या की संपलं. मेंढीमागे २.५ मिली, काखेमागे कातडीखाली, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. टोचणं सोपं असतं. खरी मेहनत मेंढी धरणाऱ्याची, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, मीही बघत नव्हतो.

त्या दिवशी वाघरीत, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीत, १८० च्या आसपास मेंढ्या होत्या आणि दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा एकटाच धरत होता. त्यात नवल काही नाही. धनगराची स्वतःची पोरंही धरतात, आणि शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामाला हात लावायला कायदा आड येत नाही. मी थबकलो तो कोकरांच्या तोंडांमुळे. कळपात मावा हा तोंडाचा रोग आला होता. ओठांवर खपल्या आलेल्या प्रत्येक कोकराला जेंशन व्हायोलेट लावलेलं, तोंडं जांभळी झालेली. मावा माणसालाही होतो, बोटांना. पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर तसेच फोड फुटून ओले झालेले होते आणि त्यांवर औषधाचा एक थेंबही नव्हता. बाटली तिथेच, त्याच्या पायाशी होती.

मग बाकीचं दिसायला लागलं. मालकाची दोन पोरं घोड्याजवळ चहा पीत बसलेली. हा कातकरी, त्याची बोली वेगळी. त्याला कोणी नावानं हाक मारत नव्हतं, ‘ए’ एवढंच. अंथरूण वाघरीच्या बाहेर, कुत्र्यांच्या बाजूला. यातली एकेक गोष्ट सुटी धरली तर तिचा काही अर्थ निघत नाही, आणि अख्ख्या धनगर समाजावर बोट ठेवायला तर ती मुळीच पुरणार नाही. पण सगळ्या एकाच पोरापाशी जमल्या होत्या. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला गहाण ठेवल्याचं उघड झालं, ते एक लहान मुलगी दगावल्यावर. ते डोक्यात होतंच.

बोटांना औषध लावायच्या निमित्तानं त्याला गाडीपाशी नेलं. अशा वेळी ‘मारतात का?’ असं विचारायचं नाही. मूल ‘नाही’ म्हणतं आणि तिथून पुढे काही बोलत नाही. साधे, उघडे प्रश्न विचारायचे, तेही दोन-तीनच. खोलवरची चौकशी करणं हे आपलं काम नाही, आणि तेच तेच पाच जणांनी विचारलं की जबाब पुढे कच्चा पडतो. घरी शेवटचा कधी गेलास, एवढं विचारलं. “होळीला. गेल्या नाय, त्याच्या आदल्या.” पैसे कोणाला मिळतात? “बाला दिले. दोन हजार नि मेंढरू.”

हे मी त्याच्याच शब्दांत, वेळ टाकून, लशीच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ‘वेठबिगार असल्याचे मुलाने सांगितले’ असं लिहिलं असतं तर ते माझं वाक्य झालं असतं. फोटो काढला नाही. ‘तुला सोडवतो’ असंही म्हटलं नाही, कारण ते माझ्या हातात नव्हतं.

एवढ्यात आमच्या पर्यवेक्षकांनी मालकाला खडसावलं, “पोरगं कुणाचं रे हे?” हेतू चांगला, पण घात तिथेच होतो. सावध झालेला कळप रातोरात हलतो, दुसऱ्या दिवशी दहा-बारा किलोमीटर पुढे असतो आणि त्याला पत्ता नसतो. मी विषय लशीवर वळवला. दुसरा डोस द्यायचाच होता. पुढचा मुक्काम कुठे, कुणाच्या रानात, कालव्याच्या अलीकडे की पलीकडे, मोबाइल कुणाचा, सगळं लिहून घेतलं. मालकानं मोकळेपणानं सांगितलं, कारण लसवाल्याला ते सगळेच सांगतात.

वाड्यापासून लांब गेल्यावर १०९८, मुलांच्या मदतीचा नंबर, लावला. जिवाला तातडीचा धोका असता तर ११२. १०९८ वर आपलं नाव गुप्त ठेवा म्हणता येतं. पुरावा मागत नाहीत, संशय पुरतो. अंदाजे वय, खुणा, ठिकाण आणि मूल आज रात्री कुठे असेल, एवढं सांगावं लागतं. पोलीस ठाण्यात मात्र ‘बापाची तक्रार आणा’ ऐकावं लागलं. पैसे बापानंच घेतलेत, तो कशाची तक्रार देणार? चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीपासून दखलपात्र आहे, तक्रारदार बापच लागतो असं नाही. हे ज्याला माहीत असायला हवं त्यालाच समजावण्यात अर्धा तास गेला.

संध्याकाळी बालकल्याण समितीला आणि प्रांताधिकाऱ्यांना लेखी दिलं. या पत्रात एक शब्द चुकला की सगळं फसतं. नुसतं ‘बालकामगार’ लिहिलं तर बालकामगार कायद्याखाली कारवाई होते, मूल घरी जातं आणि बापाचं कर्ज तसंच राहतं. उचल देऊन ठेवलाय, घरी जाऊ देत नाहीत, म्हणून ‘वेठबिगारीचा संशय’ असंच लिहायचं. मग १९७६ च्या कायद्यानं चौकशी, मुक्ती प्रमाणपत्र, कर्ज रद्द, आणि खटल्याच्या निकालाची वाट न बघता ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत. कर्ज वेठबिगारीचं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भारही देणाऱ्यावर पडतो.

पोरगा तिसऱ्या दिवशी सापडला, मी लिहून घेतलेल्या मुक्कामावरच. ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याला समितीपुढे नेलं. शाळेचा दाखला नव्हता, जन्माची नोंद नव्हती. पण दिसण्यावरून मूल आहे हे उघड असलं की वयाच्या पुराव्यासाठी थांबायचं नसतं, समिती तशी नोंद करून पुढे जाते. प्रमाणपत्राला पाच आठवडे लागले. बाप न्यायला आला तेव्हा तो मेंढरू परत द्यावं लागेल का, हेच विचारत होता.

दुसऱ्या डोसाला आम्ही गेलो तर त्या मुक्कामावर कळप नव्हता. फोन बंद. आसपासच्या दोन वाड्यांनीही ‘लस नको’ म्हटलं. आत्तापर्यंत ते मला मुक्काम विचारल्याबरोबर सांगत होते, यंदा सांगत नाहीत. आंत्रविषारानं त्यांच्यातल्या कुणाची किती मेंढरं गेली, त्याची नोंद माझ्याकडे यायचं कारणच उरलं नाही. मुक्काम विचारला तेव्हा मी लसवाला होतो की आणखी कोणी, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आणि तो विचारला नसता तर पोरगा सापडला नसता.

नोंदवहीत मालक, गाव, मेंढ्या, डोस असे रकाने आहेत. शेवटी ‘शेरा’ आहे, तो कायम कोरा असायचा. आता त्यात मी मेंढ्या कोणी धरल्या त्याचं नाव, अंदाजे वय आणि मालकाशी नातं लिहितो. पर्यवेक्षक म्हणतात, वाड्यामागे दहा मिनिटं जास्त जातात, उन्हात बर्फ वितळतो. ते खरं आहे. म्हणून शीतपेटीत बर्फाच्या दोन पिशव्या जादा घेतो.