सातव्या उकळीचा काळा

गेल्या वर्षी आषाढात माझ्याकडे आलेल्या एका दोनालीचे, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीचे, काम पूर्ण होऊन आता बरेच महिने उलटले आहेत. तरी त्या कामातला एक निर्णय मी घेतला की मोजमापाने माझ्याकडून घेववला, याचा उलगडा मला अजून झालेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

कोल्हापुरात आमचे बंदूकदुरुस्तीचे परवानाधारक दुकान आहे. या धंद्यातला निम्मा वेळ कागदांत जातो. बंदूक दुकानात ठेवून घेण्यापूर्वी मालकाचा परवाना पाहणे, परवान्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडणे आणि नोंदवहीत नोंद करणे, हे सगळे झाल्याशिवाय मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाही. उरलेला वेळ गंजाशी झगडण्यात जातो, कारण माझी बरीचशी गिऱ्हाइके घाटाखालची, म्हणजे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतली बागायतदार मंडळी आहेत. रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या बंदुका असतात, आणि खाऱ्या वाऱ्यात उघडे पोलाद एका पावसाळ्यात तांबूस होते.

ही दोनाली घेऊन मालवणकडचे एक काजूबागायतदार काका आणि त्यांचा मुलगा फोंडा घाट चढून आले होते. बारा बोअरची, बर्मिंगहॅममध्ये घडलेली, काकांच्या वडिलांची बंदूक. वडिलांच्या पश्चात परवाना काकांच्या नावावर झाला होता. नळ्यांच्या बुडाशी असलेल्या सपाट भागावर मुकुटाखाली ‘एनपी’ ही तिथल्या प्रूफ हाउसची, म्हणजे बंदुकांच्या नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेची, खूण होती. ते प्रूफ हाउस 1813 च्या कायद्याने स्थापन झाले, आणि ही विशिष्ट खूण 1904 पासून नायट्रो पावडरच्या, म्हणजे धूररहित दारूच्या, चाचणीसाठी वापरात आली, त्यामुळे बंदूक त्यानंतरची आहे एवढे नक्की झाले. ॲक्शनवर, म्हणजे नळ्या ज्या पोलादी सांगाड्यात बसतात त्यावर, वेलबुट्टीचे अतिशय नाजूक कोरीव काम होते. काही रेषा इतक्या बारीक होत्या की भिंग लावल्याशिवाय त्या छटेसारख्याच दिसत.

नळ्यांची अवस्था मात्र वाईट होती. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या आणि दोन्ही वेळा आचारसंहितेत ही बंदूक जमा करावी लागली. जमा केलेली हत्यारे कुठे आणि कशी ठेवली जातात हे मी अनेकदा पाहिले आहे. ओलसर खोलीत एकावर एक रचलेल्या बंदुकांच्या नळ्यांना तेलाचे बोटही लागत नाही. कायद्याप्रमाणे हत्यार जमा करून घ्यायचे, तर ते घेतले त्याच स्थितीत परत देण्याची जबाबदारीही त्याबरोबर येते, असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे शंभर वर्षांच्या वापराने झाले नसेल इतके नुकसान त्या दोन जमा-काळांत झाले होते.

मागणी सरळ होती. दसऱ्याच्या वेळी, खंडेनवमीच्या पूजेत, बंदूक देव्हाऱ्यासमोर ठेवायची असते, म्हणून ती शोभिवंत दिसावी आणि पुन्हा गंजू नये. मुलाने फोनवर चित्रे दाखवली. त्यांत सगळी बंदूक मंद काळ्या सिरॅमिक लेपाची होती आणि कोरीव काम सोनेरी भरलेले होते. औद्योगिक वसाहतीतल्या एका मुलामेवाल्याने त्यांना असेही सांगितले होते की नळ्या सोडवून आणा, दोन तासांत ब्लॅकोडायझिंग करून देतो. ते ऐकून माझा संताप झाला. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी त्या माणसाला दोनाली म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते.

दोन नळ्या आणि त्यांच्या वरच्या-खालच्या पट्ट्या एकमेकींना शिसे-कथलाच्या डागाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या असतात. ब्लॅकोडायझिंगच्या टाकीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे क्षार सुमारे 140 अंशांवर उकळत असतात. गिअर, बोल्ट, एकसंध नळीची रायफल यांच्यासाठी ती पद्धत उत्तम आहे. दोनालीत मात्र तो कॉस्टिक डाग खातो, पट्टीखालच्या पोकळीत शिरतो आणि तिथून कितीही धुतला तरी निघत नाही. काम चकचकीत दिसते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते, आणि काही महिन्यांनी पट्टीच्या कडेने पांढरे क्षार पाझरू लागतात. तोवर आत गंज सुरू झालेला असतो. अशा दोन दोनाल्या माझ्याकडे आल्या होत्या आणि एकीची पट्टी माझ्या हातातच सुटून आली होती.

म्हणून मी सर्वांत आधी नळ्या सोडवल्या, बुडाशी असलेल्या आकड्यात तार अडकवून त्या टांगल्या आणि लाकडी दांडीने हलकेच टोकल्या. जोड घट्ट असेल तर देवळातल्या घंटेसारखा लांबत जाणारा नाद येतो. पट्टी कुठे सुटली असेल तर फुटक्या मडक्यासारखा भद्द आवाज येतो. या नळ्यांचा नाद खणखणीत आला. तो ऐकून काका प्रथमच हसले.

मग पर्यायांचा विचार सुरू झाला. मुलगा जाणकार होता आणि त्याचे प्रश्न रास्त होते, म्हणून त्याला टाळण्याऐवजी मी प्रत्येक गोष्ट मांडून दाखवली. हार्ड क्रोमचा मुलामा गंजाला आणि घासण्याला दाद देत नाही, हे खरे. पण क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि त्याने ते ठिसूळ होऊ शकते, म्हणून नंतर सुमारे 190 अंशांवर भट्टीत ठेवून तो काढावा लागतो. शिसे-कथलाचा डाग 183 अंशांना वितळू लागतो. म्हणजे एकतर ठिसूळपणाचा धोका पत्करायचा किंवा जोड सुटण्याचा. सिरॅमिक लेपाला उष्णतेची अडचण नव्हती, कारण तो 120 अंशांच्या आसपास दोन तासांत पक्का होतो. किनारपट्टीवर वापरायच्या साध्या, नव्या बंदुकीसाठी मी स्वतः तोच सुचवतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. परंतु तो धातूला धरून राहावा म्हणून आधी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो, आणि वर लेपाची जाडी सुमारे 25 मायक्रॉन असते. त्या माऱ्याने कोरीव रेषांच्या कडा बोथट होतात आणि उरलेली खोली लेप भरून काढतो. वेलबुट्टी उठून दिसावी म्हणून केलेले काम वेलबुट्टीच पुसून टाकते. मी ॲक्शनवर भिंग धरून मुलाला ती छटेची रेषा दाखवली, तेव्हा त्याने फोन खिशात ठेवला.

नळ्यांसाठी उरली ती जुनी, संथ पद्धत, ज्याला आम्ही रस्ट ब्लूइंग म्हणतो. गंजच मुद्दाम आणायचा आणि तोच उकळून काळा करायचा. ॲक्शनचे मूळ रंग, म्हणजे हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात लालभडक तापवून, बुडबुडे सोडलेल्या पाण्यात विझवल्यावर उमटणारे निळे-तपकिरी ढग, हाताच्या घासण्याने केव्हाच गेले होते; फक्त कोपऱ्यांत थोडे शिल्लक होते. ते पुन्हा आणता येतात, पण त्या तापमानाला सांगाडा किंचित जरी वाकला तरी नळ्यांची बैठक बिघडते. ती जोखीम मी घेत नाही. ॲक्शन केवळ स्वच्छ करून राखाडीच ठेवायची आणि वर सूक्ष्मस्फटिकी मेण द्यायचे ठरले. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना लावतात तेच हे मेण, आणि त्याच्या पॉलिशची कृती ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झाली.

पॉलिश करण्याआधी मी नळ्यांची जाडी मोजली, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. उजव्या नळीच्या मध्यावर दोन लंबगोल खळगे होते, शेजारी शेजारी, बोटाच्या टोकाएवढे. मी ते निवडणुकीच्या काळातले समजलो होतो. जवळून पाहिल्यावर ते फार जुने दिसले, त्यांच्या कडा वर्षानुवर्षांच्या पुसण्याने गुळगुळीत झाल्या होत्या. आमच्याकडे बारा बोअरच्या नळीची भिंत 20 थाउ, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, याच्या खाली जाऊ द्यायची नाही असे मानतात. इथे आजूबाजूला 0.65 मिलिमीटर भरली आणि खळग्याच्या तळाशी 0.53. खळगे नाहीसे करायचे तर त्या जागी सगळी नळी तळापर्यंत घासून उतरवावी लागली असती आणि हाती काहीच राखीव उरले नसते. मी काकांना फोन करून सांगितले की गंज काढतो, पण हे दोन खळगे राहतील, आणि काळ्या नळीवर ते दिसतील. माझ्या आवाजात दिलगिरी होती, कारण माझ्या लेखी ते अपुरे काम होते.

पुढचे नऊ दिवस मी त्या नळ्यांबरोबर घालवले. दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकल्या. सपाट भागावरचा क्रमांक आणि प्रूफच्या खुणा यांना एमरीच्या घासकागदाचा स्पर्शही होऊ दिला नाही. ओळखक्रमांक पुसणे किंवा बदलणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि बफच्या चाकावर तो नकळतही घडू शकतो. बफचे चाक मी नळ्यांना लावतच नाही. त्याने पट्टीच्या कडा वितळल्यासारख्या गोल होतात, आणि बफवर चमकवलेली जुनी बंदूक मला दुरूनही ओळखता येते. लाकडाच्या ठोकळ्यावर एमरी गुंडाळून, लांबीच्या दिशेने, हातानेच घासायचे. मग ॲसिटोन, मग चुन्याची पेस्ट, आणि पाणी ओतल्यावर ते कुठेही न फुटता सलग पसरले तरच पुढे जायचे. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही.

गंज आणणारे द्रावण कापसाने एकाच ओढीत लावायचे असते. गेलेल्या जागी परत फिरलात की तांब्यासारखा डाग पडतो. एरवी ओलसर पेटी लागते, पण कोल्हापूरचा आषाढ हीच पेटी आहे. चार तासांत नळ्यांवर मखमलीसारखा नारिंगी गंज धरला. लांब स्टेनलेसच्या डोणीत, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, वीस मिनिटे उकळल्यावर तो गंज डोळ्यांदेखत काळा होत गेला. तांबडे ऑक्साइड जाऊन मॅग्नेटाइट तयार होते, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे, तरी आजवर प्रत्येक वेळी मी झाकण काढताना श्वास रोखलेला आहे. सुटा काळा थर बारीक तारेच्या ब्रशने काढला की खाली फिकट करडा रंग राहतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसऱ्या उकळीला पट्टीखालचे जुने तेल उष्णतेने बाहेर आले आणि डाव्या नळीवर वीतभर ओघळ उमटला. तेवढी जागा उतरवून मला दोन फेऱ्या मागे जावे लागले. पट्टीखाली तेल असणार हे मला ठाऊक असायला हवे होते. पहिल्या फेरीआधी एकदा नुसती उकळी द्यायला हवी होती, ती मी दिली नाही. सातव्या उकळीनंतर मात्र रंग बसला. हा काळा चकचकत नाही. उन्हात धरला तर त्यात निळी झाक येते, सावलीत तो ओल्या पाटीसारखा दिसतो, आणि तेल पिऊन घेतो. तो सिरॅमिकइतका टिकणार नाही, हे मी मुलाला लेखी दिले. परंतु तो गेला तर धातू जवळजवळ न घटवता पुन्हा आणता येतो, आणि अशा नळीला टिकाऊ रंग कोणता, तर माझ्या मते हाच.

काका भाद्रपदात बंदूक न्यायला आले. त्यांनी नळ्यांवरून, माझी परवानगी घेऊन, अंगठा फिरवला आणि तो त्या दोन खळग्यांवर थांबला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही माझ्या बापाशीची बोटां.” दरवर्षी खंडेनवमीला त्यांचे वडील ओल्या हळदीचे एक आणि कुंकवाचे एक बोट त्याच जागी टेकवत, आणि ती पूजा दुसऱ्या दिवसापर्यंत पुसत नसत. ओल्या पुडीने ती जागा वर्षानुवर्षे दमट धरून ठेवली होती आणि पोलादाने तेवढ्याच आकाराची नोंद घेतली होती. मुलालाही हे ठाऊक नव्हते.

नळीची भिंत 0.8 मिलिमीटर भरली असती, तर मी ते खळगे पहिल्याच दुपारी उतरवले असते. विचारले नसते, कारण खळगे काढणे हेच तर उत्तम काम, असे मला शिकवले गेले आहे आणि मीही माझ्या मदतनिसाला तेच शिकवत आलो आहे. क्रमांक जपायचा हे कायद्याने शिकवले, वेलबुट्टी जपायची हे नजरेने शिकवले. या खुणेबद्दल मला कुणी काही सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

जाताना काकांनी विचारले की आता कुंकू लावायचे की नाही. मी सांगितले, त्याच जागी लावा, पण वर मेणाचा हात राहू द्या, पुडी कोरडी घ्या, आणि त्याच संध्याकाळी पुसून तेल लावा. दसऱ्यानंतर मुलाने फोटो पाठवला. देव्हाऱ्यासमोर पाटावर बंदूक, झेंडूचा हार, आणि नळीवर पिवळे-तांबडे दोन ठिपके, नेमके खळग्यांत बसलेले. दुसरा फोटो रात्रीचा होता, पुसलेल्या नळीचा. मी तो मोठा करून खळग्यांच्या कडा पाहिल्या. रंग सगळीकडे सारखा होता.

सरकारी नोंदवहीखेरीज मी कामाची एक खासगी वही ठेवतो. त्यात जाडी, जोडाचा नाद, फेऱ्यांची संख्या असे रकाने आहेत. दिवाळीच्या सुमारास मी त्यात हाताने आणखी एक रकाना आखला: ‘खुणांविषयी मालकास विचारले’. मागच्या नोंदींपर्यंत तो ओढत नेला आहे, आणि त्या दोनालीच्या नोंदीसमोर तो कोरा आहे.