पॅटरनॉस्टर लिफ्टची प्रतिकृती : वरचे वळण पूर्ण

न थांबता फिरत राहणाऱ्या पॅटरनॉस्टर लिफ्टच्या १:२० प्रमाणातील प्रतिकृतीचे सर्वांत अवघड काम, म्हणजे चढत्या डक्टमधून केबिन उतरत्या डक्टमध्ये नेणारे वरचे वळण, आता पूर्ण झाले आहे. पॅटरनॉस्टरमध्ये साखळ्यांना जोडलेल्या बिनदाराच्या केबिनी एका उभ्या डक्टमधून वर जातात, शेजारच्या डक्टमधून खाली येतात, आणि माणसे चालत्या केबिनीतच चढतात-उतरतात. प्रतिकृतीच्या बाराही केबिनी फेरी पुरी करतात आणि वळणावर सरळ उभ्या राहतात. नेहमीच्या लिफ्टची प्रतिकृती आधीच तयार असल्यामुळे दोन्ही यंत्रे शेजारी चालवून त्यांची तुलनाही आता करता येते.

पॅटरनॉस्टरमध्ये बसून सर्वांत वरच्या मजल्याच्या पुढे गेल्यास केबिन उलटी होते, असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे आणि त्याचे कारण साखळ्यांच्या मांडणीत आहे. एक साखळी केबिनींच्या पुढून फिरते, दुसरी मागून. पुढची साखळी छताच्या डाव्या कोपऱ्याला आणि मागची उजव्या कोपऱ्याला खिळीने जोडलेली असते. दोन्ही दातेरी चाके सारख्याच व्यासाची असतात, परंतु दोन खिळींमध्ये जेवढे आडवे अंतर असते तेवढेच त्यांचे मध्यही एकमेकांपासून बाजूला सरकवलेले असतात. त्यामुळे दोन्ही खिळी तंतोतंत सारख्या वाटांवरून जातात, त्यांना जोडणारी रेषा वळणावरही तिरपी होत नाही आणि केबिनला कलायला वाव राहत नाही. ही रचना इतकी साधी आणि अचूक आहे की ती हाताने फिरवून पाहण्याचा आनंद आराखड्यातून मिळत नाही.

प्रतिकृतीसाठी ६.३५ मिमी पिचची (म्हणजे लगतच्या दोन कड्यांमध्ये तेवढे अंतर असलेली) साखळी आणि २७ दात्यांची चाके घेतली आहेत. चाकाचा पिच व्यास, म्हणजे साखळी ज्या वर्तुळावरून फिरते त्याचा व्यास, सुमारे ५४.७ मिमी येतो, आणि चढत्या व उतरत्या केबिनींच्या मध्यांमधील अंतरही तेवढेच राहते. केबिन ४२ मिमी रुंद असल्याने मध्ये जेमतेम १२ मिमीची फट उरते. एका केबिनमागे २४ कड्या याप्रमाणे साखळी २८८ कड्यांची आहे, आणि ही संख्या सम असल्याने जोडासाठी अर्धी कडी वापरावी लागत नाही. चाकांचे शाफ्ट पुढून मागे आरपार नेता येत नाहीत, कारण ते थेट केबिनींच्या वाटेत येतात. म्हणून प्रत्येक चाक बाहेरच्या चौकटीवर आखूड शाफ्टने बसवले आहे. पुढचे आणि मागचे चाक एकाच गतीने फिरावे यासाठी वळणाच्या वरून, दोन्ही मध्यांपासून समान अंतरावर, एक लांब शाफ्ट नेला आहे आणि त्याच्या दोन टोकांचे एकसारखे गिअर दोन्ही चाकांना फिरवतात.

खऱ्या पॅटरनॉस्टरचा वेग साधारणपणे सेकंदाला ०.३ मीटर असतो. प्रतिकृतीत तो १५ मिमी होतो, म्हणजे चाक मिनिटाला सव्वापाच फेऱ्यांच्या आसपास फिरवावे लागते. या वेगाने कोणत्याही मजल्यासमोरून दर दहा सेकंदांनी एक केबिन जाते. प्रत्येकीत दोन माणसे धरली, तर तासाला एका दिशेने सुमारे सातशे माणसे जाऊ शकतात, आणि वाटेत रिकामी झालेली जागा पुढच्याच मजल्यावर पुन्हा भरता येते. तीन मजले, म्हणजे १०.८ मीटर, चढायला ३६ सेकंद लागतात आणि सरासरी वाट पाहणे फक्त पाच सेकंदांचे असते. दहा मजल्यांना मात्र पूर्ण दोन मिनिटे लागतात. तेवढेच अंतर सेकंदाला दीड मीटर जाणारी नेहमीची लिफ्ट २४ सेकंदांत कापते. त्यात दारे उघडण्याचा आणि मधल्या थांब्यांचा वेळ मिळवला, तरी लांबच्या प्रवासात तीच पुढे राहते. माझ्या मते खरी तुलना वेगाची नसून वाट पाहण्याची आहे, आणि पॅटरनॉस्टर नेमके तेच जवळजवळ संपवते.

म्हणूनच जेथे पुष्कळ माणसे दिवसभर थोड्याच मजल्यांची ये-जा करतात, तेथे हे यंत्र शोभते. लिव्हरपूलच्या ओरिएल चेंबर्समध्ये पीटर एलिस या वास्तुविशारदाने १८६८ च्या सुमारास अशी लिफ्ट बसवली, १८८६ मध्ये हॅम्बुर्गच्या डोव्हेनहोफ या कचेऱ्यांच्या इमारतीत ती आली, आणि शेफील्ड विद्यापीठाच्या १९६६ मध्ये सुरू झालेल्या आर्ट्स टॉवरमध्ये ३८ केबिनींची पॅटरनॉस्टर आणि दोन साध्या लिफ्ट एकाच इमारतीत आहेत. ही शेवटची मांडणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तेथे दोन्ही यंत्रांना आपापले काम मिळाले आहे.

वजनाच्या हिशेबातही मोठा फरक आहे. नेहमीच्या लिफ्टमध्ये प्रतिभार, म्हणजे केबिनला तोलून धरणारे वजन, केबिनच्या वजनाइतका अधिक क्षमतेच्या साधारण निम्मा ठेवतात, तरी प्रत्येक थांब्यानंतर सगळा भार पुन्हा गतीत आणावा लागतो. पॅटरनॉस्टरमध्ये चढत्या केबिनींना उतरत्या केबिनीच तोलून धरतात, आणि मोटरला घर्षण व माणसांच्या वजनातील फरक एवढेच सांभाळावे लागते. प्रतिकृतीत हे हाताला स्पष्ट कळते : रिकाम्या केबिनींची साखळी बोटाने सहज फिरते, आणि एकाच बाजूच्या केबिनींत छर्रे ठेवले की लगेच ती बाजू खाली ओढू लागते.

उणीव मोठी आहे आणि ती मान्यच करायला हवी. चाकाच्या खुर्चीला, कुबड्या घेतलेल्या माणसाला किंवा लहान मुलाला हे यंत्र थांबून वाट देत नाही. पश्चिम जर्मनीत १९७४ पासून नवीन पॅटरनॉस्टर बसवण्यास बंदी आली, आणि २०१५ मध्ये जर्मनीत माहिती दिलेल्या व्यक्तींनाच त्यातून जाऊ देण्याचा नियम झाला, तो लोकांच्या नाराजीनंतर लवकरच सैल करण्यात आला. जुन्या लिफ्ट जपाव्यात असे मला मनापासून वाटते, पण नवीन सार्वजनिक इमारतीतील एकमेव लिफ्ट म्हणून मी तिची शिफारस करणार नाही.

आता कडांवरच्या फळ्या करायच्या आहेत. चढत्या बाजूला प्रवेशद्वाराच्या वरच्या कडेला आणि उतरत्या बाजूला मजल्याच्या कडेला बिजागरीची फळी बसवायची आहे. केबिन आणि कडेच्या मध्ये काही अडकल्यास ती केबिन सरकत असेल त्या दिशेने वळेल आणि मायक्रोस्विच दाबून मोटरचा प्रवाह तोडेल. प्रवाह तुटल्यावर एका बाजूच्या भाराने साखळी पुढे सरकू नये, यासाठी वर्म गिअरची मोटर घेतली आहे, कारण ती भाराने उलटी फिरत नाही.