बी.ए. संगीत, तिसरं वर्ष: थिअरीच्या वहीतून

सोमवार

आज पुन्हा चार-तीन-दोन-चार-चार-तीन-दोन. विशारदला बसलेल्या प्रत्येकानं हे कधी ना कधी घोकलेलं असतं. 'चतुश्चतुश्चतुश्चैव षड्जमध्यमपंचमाः', म्हणजे सा, म, प यांना चार-चार श्रुती (स्वरांमधले बारीक टप्पे), रे आणि ध यांना तीन-तीन, ग आणि नी यांना दोन-दोन, बेरीज बावीस. शाळेत असताना पाठ केलं, मार्क घेतले, विषय संपला. आज मॅडमनी फळ्यावर बावीस उभ्या रेघा मारल्या आणि विचारलं, "सा कुठल्या रेघेवर ठेवू?"

पहिल्या, असं निम्मा वर्ग म्हणाला. चौथ्या, असं उरलेला. दोघांनाही आपलं उत्तर गाइडात सापडत होतं. मग मॅडमनी दोन्ही मांडून दाखवलं. जुन्या ग्रंथकारांसारखा स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर बसवला तर सा चौथ्या, रे सातव्या, ग नवव्या, म तेराव्या, प सतराव्या, ध विसाव्या आणि नी बाविसाव्या रेघेवर येतो. ते गाऊन बघितलं की साधारण आजचा काफी (ग आणि नी कोमल) निघतो. आधुनिक शास्त्रकार भातखंड्यांसारखा स्वर पहिल्याच श्रुतीवर ठेवला तर १, ५, ८, १०, १४, १८, २१, आणि हा झाला बिलावल (सगळे स्वर शुद्ध). आकडे तेच, श्लोक तोच, शुद्ध सप्तक मात्र वेगळं.

म्हणजे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या माणसाला त्याच्या भोवती जे गायलं जात होतं त्याची सांगड जुन्या श्लोकाशी घालायची होती आणि त्यासाठी त्यानं रेघा सरकवल्या. परीक्षेत हा प्रश्न 'प्राचीन व आधुनिक श्रुतिस्वर-विभाजनाची तुलना करा' असा दहा मार्कांना येतो. कोष्टक काढायचं, फरक लिहायचे. का सरकवल्या, हे कुणी विचारत नाही. त्या 'का'साठी मी या कोर्सला आले असं आता म्हणता येईल, पण प्रवेश घेताना असलं काही डोक्यात नव्हतं. गाणं आवडतं आणि बारावीला सायन्स नको, इतकंच होतं.

बुधवार

घरून फोन. आत्याचा प्रश्न ठरलेला: "मग स्टेजवर कधी?" तिला सांगितलं की आम्हाला गाण्याची प्रॅक्टिकलं असतात, पण मला शास्त्राकडे जायचंय. "म्हणजे गाणाऱ्यांना मार्क देणार?" या प्रश्नावर मी हसले, पण नेट-सेट काढून लेक्चरर झाले तर ती म्हणते तेच करणार आहे. बाकीच्या वाटा अशा: शाळेत संगीतशिक्षक, आकाशवाणी, एखादा ध्वनिसंग्रह, नाहीतर ज्याला कुणी पैसे देत नाही ते लिखाण.

शनिवार, पाऊस

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवायला हवा.

नाट्यशास्त्रातली सारणा-चतुष्टयी, म्हणजे वीणा चार टप्प्यांत उतरवत नेण्याचा प्रयोग, आम्ही आजवर फक्त वाचली होती. भरतमुनी म्हणतात, दोन अगदी सारख्या वीणा घ्या. एक अचल, तिला हात लावायचा नाही. दुसरी चल. चल वीणेवरचा पंचम एक श्रुती उतरवा, म्हणजे षड्जग्रामाचा मध्यमग्राम होईल (ग्राम म्हणजे तेव्हाची स्वर जुळवण्याची पद्धत). मग तोच पंचम षड्जग्रामाचा आहे असं धरून बाकीचे स्वर त्याला जुळवून घ्या. सगळी वीणाच एक श्रुती खाली आली. ही पहिली सारणा. दुसरीत इतकं उतरायचं की चल वीणेचे ग आणि नी अचल वीणेच्या रे आणि ध ला मिळतील. तिसरीत रे-ध जाऊन सा-प ला मिळतील. चौथीत प, म, सा हे म, ग, नी ला मिळतील.

वीणा कुठून आणणार? दोन स्वरमंडळं घेतली, प्रत्येकावर सात तारा मोकळ्या ठेवल्या. सतारवाला मुलगा, मी आणि गाण्याच्या वर्गातली एक मैत्रीण, जिचा कान आमच्यात सगळ्यात तयार. पावसाळी हवेत खुंट्या धरत नव्हत्या. एक तार लावावी तर दुसरी उतरलेली. तास-दीड तास नुसत्या जुळवणीत गेला.

आणि पहिल्याच पायरीला आम्ही अडलो. पंचम एक श्रुती उतरवा, पण किती? ग्रंथात आकडा नाही. ग्रंथ सांगतो की मध्यमग्रामातला पंचम असा असतो, आणि भरतांच्या वाचकाला तो कानानं माहीत होता. आम्हाला माहीत नाही. मध्यमग्राम गाणारं कुणी उरलेलंच नाही! शेवटी मैत्रिणीनं उतरता पंचम रे शी संवादी होईपर्यंत खाली आणला, तंबोऱ्यावर जोड जुळल्यासारखे दोन्ही स्वर एकमेकांत शिरले तिथे थांबली. फोनवर मोजलं तर विसाच्या वर थोडे सेंट. पुस्तकात या एका श्रुतीला प्रमाणश्रुती म्हणतात, तीही साधारण २२ सेंटच येते. (सप्तकाचे १२०० सेंट. हे माप आलेक्झांडर एलिस या इंग्रजानं १८८५ मध्ये रूढ केलं. त्याचा स्वतःचा कान स्वरांना कच्चा होता आणि आल्फ्रेड हिपकिन्स त्याच्यासाठी ऐकत असे. मला एलिस फार जवळचा वाटतो.)

खरी गंमत दुसऱ्या सारणेत. पहिल्या वेळी उतरलो २२ सेंट. बावीसही श्रुती सारख्या असतील तर दुसऱ्या वेळीही तेवढंच उतरायला हवं. पण ग जाऊन रे ला मिळेपर्यंत उतरत गेलो तर हे उतरणं पहिल्याच्या चौपट लांब निघालं. कागदावर मांडलं तर नैसर्गिक स्वरांतरांनी चार सारणांचे टप्पे २२, ९०, ७० आणि पुन्हा २२ सेंट असे येतात. आता सप्तकाला सरळ बावीसनं भागलं तर एक श्रुती साडेचोपन्न सेंटची होते. यातलं कुठलंच माप तिच्या जवळपास नाही.

सतारवाला म्हणाला, "मग भरतानं चुकीचं लिहिलंय का?" मैत्रीण म्हणाली, "त्यानं मापाचं बोललंच नाही, मिळण्याचं बोललाय." माझं मत तिच्या बाजूनं. भरतांची श्रुती म्हणजे फूटपट्टीवरची खूण असं आपण धरतो आणि मग श्रुती समान की असमान यावर शंभर वर्षं भांडतो. ते फक्त सांगताहेत की अमुक स्वर अमुक वेळा सरकवला की तमुकला मिळतो. हे मत जर्नलमध्ये लिहिलंय. मॅडम काय म्हणतात बघू.

मंगळवार

ग्रंथालयात भातखंडे. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे मूळ भाग मराठीत आहेत, शिष्यानं विचारावं आणि गुरूनं उत्तर द्यावं अशा संवादात. आमच्या वर्गात मात्र सगळ्यांकडे हाथरसचं हिंदी भाषांतर. वाळकेश्वरला जन्मलेला, मुंबईत वकिली केलेला माणूस मराठीत लिहितो आणि मराठी मुलं त्याला हिंदीतून वाचतात, याचं वर्गात कुणालाच काही वाटत नाही.

मूळ वाचताना जाणवतं ते त्यांचं वकिली डोकं. उस्ताद म्हणाले, चिजा दिल्या, ऋण मान्य. पण त्याला आधार काय? ग्रंथात लिहिलंय, ठीक; पण आज तसं कोण गातं? १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला कर्नाटक संगीताच्या सुब्बराम दीक्षितारांना भेटले, मेळांची, म्हणजे रागांच्या स्वरगटांची, व्यवस्था पाहिली, आणि पुढे तसेच दहा थाट मांडले. या दहा थाटांवर टीका करणं आता सोपं झालंय. भूप कल्याणात आणि देशकार बिलावलात, दोघांत म आणि नी नाहीतच, मग थाट ठरवला कशावरून? चालीवरून, अंगावरून. म्हणजे वर्गीकरण स्वरांचं म्हणायचं आणि अडलं की कानाला विचारायचं. मला हे दुबळेपण वाटत नाही. नियमापेक्षा गाणं मोठं धरण्याचा प्रामाणिकपणा आहे तो. मात्र थाट म्हणजे रागाची जन्मकुंडली असल्यासारखं शिकवतात, त्याचा राग येतो.

शुक्रवार, सांगली

दिवाळीला घरी. बाबांच्या स्कूटरवरून मिरजेला, तंतुवाद्यांच्या दुकानांत. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, हे बाबांनी दोनदा सांगितलं. माझं काम जवारीशी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथल्या घासणीशी, होतं. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो, मग तारेखाली सूत सरकवतो, आणि एका क्षणी खर्ज (खालच्या सा ची तार) उघडतो. नीट ऐकलं तर त्या खर्जात शुद्ध गंधार स्पष्ट वाजत असतो, कुणी न लावलेला. मूळ स्वराचा पाचवा उपस्वर आहे तो. सप्तकात आणून मोजला तर ३८६ सेंट. पेटीचा गंधार ४००. 'पेटीचा गंधार चढा लागतो' ही गवयांची जुनी तक्रार म्हणजे हे चौदा सेंट. १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागे स्वराची तक्रारही होती आणि 'परकं वाद्य' हा रागही. या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात.

सांगलीचेच कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून ते श्रुती मोजत बसले. क्लेमेंट्स हा आयसीएस अधिकारी त्यांच्याबरोबर, त्यानं बावीस श्रुतींची पेटीच करून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत यावर रणं झाली. भातखंडे विरुद्ध बाजूला. एकानं मोजून सिद्ध करायचं म्हटलं, दुसऱ्यानं मोजण्याचा प्रश्नच निराळा आहे म्हटलं. येताना दर्ग्यावरून आलो. खाँसाहेबांची कबर तिथे आहे. मी मनात देवलांचीच बाजू घेत होते, बहुधा गाववाले म्हणून.

रविवार, रात्री

प्रोजेक्ट: दरबारी रागाचा गंधार. सगळे म्हणतात अतिकोमल (कोमलाहूनही उतरलेला), आंदोलित (झुलणारा). किती अतिकोमल? जुन्या ध्वनिमुद्रिका सॉनिक व्हिज्युअलायझर या सॉफ्टवेअरवर टाकून बघतेय. पहिला त्रास सारंगीचा: यंत्राला गवई आणि सारंगी वेगळे कळत नाहीत, हातानं खुणा कराव्या लागतात. दुसरा वेगाचा. जुन्या तबकड्या म्हणायला ७८ फेऱ्यांच्या, प्रत्यक्षात कमी-जास्त वेगानं कापलेल्या. त्यामुळे गवयाची मूळ पट्टी सांगता येत नाही. पण वेग बदलला तरी सा आणि ग यांच्यातलं अंतर सेंटमध्ये तेच राहतं, सगळे स्वर सारखेच वर किंवा खाली जातात. म्हणजे गंधाराची जागा विश्वासाची, आंदोलनाचा वेग मात्र नाही. तबकडी जलद फिरली की आंदोलनही जलद. हे लक्षात आल्यावर मी वेगाचा अख्खा रकाना काढून टाकला.

उरली जागा, आणि ती जागाच नाही. आलेखावर कुठेही सपाट रेघ येत नाही. रिषभाच्या अंगानं वर चढते, थोडी थांबल्यासारखं करते, परत झुकते. सरासरी काढली तर एक आकडा मिळतो, पण आंदोलन कुठून सुरू झालं म्हणायचं त्यावर तो बदलतो. आणि त्याच वेळी तंबोरा खाली शुद्ध गंधार वाजवतोच आहे! गवई अतिकोमल घेतो, तंबोरा शुद्ध, आणि कानाला भांडण ऐकू येत नाही. का, हे मला अजून नीट मांडता येत नाही. कदाचित गंधार स्थिर ठेवला तर येईल ऐकू. मैत्रिणीला गायला सांगून बघणार आहे.

गुरुवार

गाण्याच्या गुरुजींना आलेख दाखवला. ते गंमत म्हणून हसतील अशी अपेक्षा होती. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा कुठला गंधार? वर जातानाचा की रिषभावर उतरतानाचा?" मग दोन्ही गाऊन दाखवले. फरक मला ऐकू आला; त्यांनी दाखवेपर्यंत ऐकू येत नव्हता. परत येऊन खुणा पाहिल्या. दोन्ही वेगळ्या रकान्यांत होत्याच, पण मी त्यांची एकत्र सरासरी देणार होते. आता देणार नाही.

शनिवार

मॅडमनी मसुदा परत दिला. समासात पेन्सिलीनं: "धैवत का नाही?" मी म्हटलं, विषय गंधार आहे. त्या म्हणाल्या, "दरबारीत धैवतही आंदोलित. तो तसाच हलत असेल तर तू जे लिहिलंयस ते गंधाराबद्दल नाही, आंदोलनाबद्दल आहे. आधी ते ठरव."

उत्तर नव्हतं. सादर करायची तारीख काही पुढे जात नाही. आठ गाणी उघडली आहेत, त्यांतल्या तिनांत 'ध नी प' असं उतरताना धैवत स्वच्छ मिळतोय, बाकीच्यांत सारंगी त्याच्यावर बसली आहे. मेस बंद व्हायच्या आत चौथं गाणं संपवायचं.